माजी सैनिकांची व्यसनमुक्ती : खर्चाचा प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्व नागरिकांना लागू असणारी अशी एकच सरकारी आरोग्यव्यवस्था नाही. नोकरी करणारे बहुतेक लोक नोकरीबरोबर मिळणाऱ्या विम्यावर विसंबून असतात. नोकरी सुटली की पुष्कळदा विमाही सुटतो. दारूच्या अथवा अफूजन्य द्रव्यांच्या आहारी गेलेल्या माणसाची नोकरी तर टिकणेच कठीण असते. म्हणजे उपचारांची निकड ज्या वेळी सर्वांत अधिक, नेमक्या त्याच वेळी ते विकत घेण्याची ऐपत संपलेली असते. लष्करात चाकरी केलेल्या माणसाला मात्र या देशात आणखी एक दार ठोठावता येते. ते म्हणजे माजी सैनिक व्यवहार विभागाचे. या विभागाची रुग्णालये, डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच्या आहेत. विमा कंपनीप्रमाणे तो केवळ बिले चुकवीत नाही, उपचारही स्वतः करतो.

हे दार सर्वांना सारखेच उघडते असे नाही. व्यसन हा सैनिकाला जडलेला रोग मानावयाचा, की त्याने स्वतःहून ओढवून घेतलेला दोष मानावयाचा, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या कायद्याने निरनिराळ्या काळी निरनिराळे दिले आहे. आजही दोन वेगवेगळ्या प्रसंगी तो दोन वेगवेगळी उत्तरे देतो.

१८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धात जखमी शिपायांना अफू आणि मॉर्फिन सढळ हाताने दिले गेले. एकट्या उत्तरेकडील सैन्याने सुमारे एक कोटी अफूच्या गोळ्या वापरल्या, असा हिशेब आहे. युद्ध संपल्यावर चार लाख शिपाई मॉर्फिनचे बंदे बनून घरी परतले, असे पुढे सांगितले जाऊ लागले. हा आकडा आजचे इतिहासकार ग्राह्य मानीत नाहीत. परंतु असे शिपाई होते, आणि निवृत्तिवेतनासाठी अर्ज करताना त्यांची मोठी कुचंबणा होत असे, याविषयी शंका नाही. १८९० च्या निवृत्तिवेतन कायद्यात अपंगत्व हे अर्जदाराच्या स्वतःच्या दुर्व्यसनांचे फळ नसावे अशी अट स्पष्ट शब्दांत घातलेली होती. लष्करी डॉक्टरने दिलेल्या औषधाने लागलेली सवय दुर्व्यसनात मोडते किंवा काय, याचा निवाडा शेवटी कचेरीतल्या कारकुनाच्या आणि तपासनिसाच्या नजरेवर अवलंबून राही.

मार्च १८६५ मध्ये अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने अपंग सैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रम स्थापण्याचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी मेन राज्यात टोगस येथे त्यातील पहिला आश्रम सुरू झाला. या आश्रमांतून दारू ही नित्याची डोकेदुखी होती. रहिवासी बाहेरच्या गुत्त्यांत जाऊन पडू नयेत म्हणून काही आश्रमांनी आवारातच बिअर विकण्याची सोय केली. त्याच सुमारास, १८९० नंतरच्या दशकात, डॉ. लेस्ली कीली यांचा सुप्रसिद्ध ‘सुवर्ण उपचार’ही आश्रमांत शिरला. सोन्याचा क्षार असल्याचे सांगितले जाणारे औषध टोचून दारू सुटते, असा या उपचाराचा दावा होता. डॉ. कीली हे स्वतः यादवी युद्धात लष्करी शल्यचिकित्सक होते. त्यांच्या औषधात सोने होते की नव्हते हा वाद बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. निवृत्तिवेतनाच्या कचेरीत ज्याला दुर्व्यसन म्हणत, त्यावर आश्रमात सरकारी आश्रयाने उपचार चालू होते.

हा अंतर्विरोध व्हिएतनामच्या युद्धात उघड्यावर आला. मे १९७१ मध्ये मर्फी आणि स्टील या दोन काँग्रेस सदस्यांनी व्हिएतनामहून परतून अहवाल दिला, की तेथील शिपायांपैकी दहा ते पंधरा टक्के हेरॉइनच्या विळख्यात सापडले आहेत. देश हादरला. १७ जून रोजी अध्यक्ष निक्सन यांनी काँग्रेसला खास संदेश पाठविला आणि माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून व्यसनग्रस्तांवर उपचार करण्यासाठी निधी मागितला. डॉ. जेरोम जाफी यांच्याकडे या कामाची सूत्रे आली. परतणाऱ्या प्रत्येक शिपायाची लघवी तपासावयाची, तीत हेरॉइनचा अंश आढळल्यास त्याला थांबवून घेऊन आधी उपचार करावयाचे आणि मग घरी पाठवावयाचे, अशी पद्धत सुरू झाली.

या परतलेल्या शिपायांचा पाठपुरावा डॉ. ली रॉबिन्स या संशोधिकेने केला. सप्टेंबर १९७१ मध्ये मायदेशी आलेल्या सुमारे नऊशे जणांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. व्हिएतनाममध्ये असताना सुमारे वीस टक्के शिपाई व्यसनाधीन झालेले होते, परंतु परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी पाच टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. तीन वर्षांचा हिशेब केला तरी हे प्रमाण सुमारे बारा टक्क्यांवर थांबले. परिस्थिती पालटली की पुष्कळांचे व्यसन सुटते, हा निष्कर्ष त्या काळी कोणाला खरा वाटेना. मात्र या निष्कर्षाचा सोयीस्कर अर्थ काढण्याचाही मोह होतो. ज्यांचे सुटले नाही, त्यांना उपचारांची गरज होतीच. त्यातच व्यसनापायी लष्कराने ज्यांना प्रतिकूल शेरा मारून काढून टाकले होते, त्यांच्यापुढे रुग्णालयाचे दार बंद होते. रोगामुळे नोकरी गेली, आणि नोकरी ज्या रीतीने गेली तिच्यामुळे रोगावरील औषधही गेले.

यापुढील भाग समजण्यासाठी एक भेद नीट लक्षात ठेवावयास हवा. माजी सैनिकाचे हक्क दोन प्रकारचे असतात. उपचार हा एक आणि भरपाई, म्हणजे अपंगत्वाबद्दल दरमहा मिळणारे पैसे, हा दुसरा. व्यसनाच्या बाबतीत कायदा या दोहोंकडे एकाच नजरेने पाहत नाही. १९७९ च्या कायद्याने विभागाला बाहेरच्या पुनर्वसनगृहांशी करार करून दारू व मादक द्रव्यांच्या रुग्णांना तेथे ठेवण्याची मुभा दिली. लढाईहून आलेल्यांना सल्ला देणारी छोटी केंद्रेही त्याच कायद्यातून निघाली. उपचारांची बाजू अशी विस्तारत गेली. पैशांच्या बाजूला मात्र उलट वारे वाहत होते. १९८८ मध्ये ट्रेनर विरुद्ध टर्नेज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तो शिक्षणाच्या सवलतीचा. सेवामुक्तीनंतर दहा वर्षांत ही सवलत वापरावी लागे आणि आजारी असलेल्यास मुदतवाढ मिळे. दारूच्या व्यसनातून सावरलेल्या दोघा माजी सैनिकांनी ती मागितली. दुसऱ्या मनोविकारातून न उद्भवलेले मद्यासक्तपण हे हेतुपुरस्सर गैरवर्तन होय, असे विभागाचे म्हणणे होते. चार विरुद्ध तीन अशा मताधिक्याने न्यायालयाने विभागाचा तसा नियम वैध ठरविला. मद्यासक्ती हा रोग आहे की नाही हे आपण ठरवीत नसल्याचेही न्यायालयाने सांगून टाकले. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा दुरुस्त करून शिक्षणाच्या मुदतीपुरता हा अन्याय दूर केला. परंतु १९९० मध्ये तिनेच ३१ ऑक्टोबरनंतर आलेल्या अर्जांना दारूच्या वा मादक द्रव्यांच्या दुरुपयोगातून आलेल्या अपंगत्वाबद्दल भरपाई मिळणार नाही असे ठरविले. या भिंतीला २००१ मध्ये एक खिंड पडली. ॲलन विरुद्ध प्रिन्सिपी या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने निर्णय दिला, की सेवेत जडलेल्या मूळ विकारातून, उदाहरणार्थ युद्धाच्या आघाताने जडलेल्या तणावविकारातून, व्यसन उद्भवले असल्यास त्याबद्दलही भरपाई देता येते. मात्र हा कार्यकारणभाव वैद्यकीय पुराव्याने स्पष्ट सिद्ध करावा लागतो.

पुष्कळ माजी सैनिक येथेच फसतात. भरपाईचा अर्ज फेटाळला गेला म्हणजे उपचारही मिळणार नाहीत, अशी त्यांची समजूत होते. ती चुकीची आहे. १९९६ च्या सुधारणा कायद्यानंतर नाव नोंदविलेल्या प्रत्येकास जे वैद्यकीय लाभ मिळतात त्यांत व्यसनावरील उपचार समाविष्ट आहेत. व्यसन सेवाजन्य असल्याचे सिद्ध करण्याची तेथे गरज नाही.

समजा, एक शिपाई इराकहून पाठ दुखावून घेऊन परतला. वेदनाशामक गोळ्यांची त्याला सवय लागली, आणि गोळ्या मिळेनाशा झाल्यावर तो हेरॉइनकडे वळला. त्याने सेवामुक्तीचा दाखला जोडून नोंदणीचा अर्ज करावयाचा. १९८० च्या सप्टेंबरनंतर भरती झालेल्यास साधारणतः सलग चोवीस महिन्यांची सेवा दाखवावी लागते. सेवेत झालेल्या अपंगत्वामुळे लवकर सुटलेल्यास ही अट नाही. अर्जदारांचे आठ अग्रक्रम ठरविलेले आहेत. सेवाजन्य अपंगत्व पन्नास टक्के वा अधिक असेल तर पहिला गट. अपंगत्व नाही परंतु उत्पन्न बेताचे आहे, अशांसाठी पाचवा. आपल्या शिपायाच्या पाठीला दहा टक्के अपंगत्व मिळालेले असेल, तर दवाखान्यातील भेटींसाठी त्याला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. वरच्या उत्पन्नाच्या माणसाला तो भरावा लागतो. तथापि २०२२ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने वर्षातील पहिल्या तीन मानसोपचार व व्यसनोपचार भेटी डिसेंबर २०२७ पर्यंत विनामूल्य केल्या आहेत.

उपचारांत काय असते? प्रथम शरीरातून विष उतरविणे. मग मेथाडोन अथवा ब्युप्रेनॉर्फिन यांसारखी औषधे, समुपदेशन, आणि गरज असल्यास काही आठवडे निवासी केंद्रात राहणे. या निवासी केंद्रांतील काहींची परंपरा थेट त्या जुन्या आश्रमांपर्यंत पोहोचते. कोकेनसारख्या उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनावर २०११ पासून एक निराळीच पद्धत विभागाने देशभर सुरू केली. तपासणीत लघवी स्वच्छ निघाली की रुग्णाने एका भांड्यातून चिठ्ठी उचलावयाची, आणि नशीब असेल तर रुग्णालयाच्या उपाहारगृहातील कूपन जिंकावयाचे. ऐकून हसू येते, पण हा उपाय गुणकारी ठरलेला आहे. अतिमात्रेवरील उतारा म्हणून दिले जाणारे नॅलोक्सोन २०१६ च्या कायद्याने विनामूल्य झाले.

खरी अडचण खाटांची. अत्यंत निकडीच्या रुग्णास निवासी केंद्रात बहात्तर तासांत आणि इतरांस तीस दिवसांत प्रवेश मिळावा, असा दंडक विभागाने २०१९ मध्ये घालून दिला होता. हेरॉइन सोडण्याचे ज्याने आज मनावर घेतले आहे, त्याला तीस दिवस फार मोठे असतात. २०१८ च्या मिशन कायद्याने ठराविक मुदतीत वा अंतरात सोय न झाल्यास विभागाच्या खर्चाने खाजगी डॉक्टरकडे जाता येते. परंतु तसे जाण्यापूर्वी विभागाची मंजुरी लागते. मंजुरीवाचून खाजगी केंद्रात दाखल झालेल्या रुग्णाच्या कुटुंबावर सारे बिल येऊन पडण्याची भीती असते. या नियमाला एक मोठा अपवाद आहे. जीव देण्याच्या बेतात असलेल्या माजी सैनिकाला १७ जानेवारी २०२३ पासून कोणत्याही रुग्णालयात जाता येते. नोंदणी नसली तरी तीस दिवसांपर्यंतच्या आंतररुग्ण आणि नव्वद दिवसांपर्यंतच्या बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च सरकार सोसते.

आता राहिला सेवामुक्तीचा शेरा. व्हिएतनामच्या काळातील तो पेच अद्याप पुरता सुटलेला नाही. लष्करी न्यायालयाने बदनामीची बडतर्फी दिलेल्यास हे लाभ सहसा मिळत नाहीत. परंतु ‘सन्मानपूर्वक नव्हे’ अशा प्रशासकीय शेऱ्यावर निघालेल्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि मादक द्रव्ये सापडल्याने काढलेले अनेकजण याच वर्गात येतात. अशा माणसाचा अर्ज आला म्हणजे विभाग त्याच्या सेवेची कागदपत्रे स्वतंत्रपणे तपासून निर्णय घेतो. २०१८ च्या कायद्यानुसार, शंभर दिवसांहून अधिक सेवा करून लढाईच्या प्रदेशात गेलेल्यांना, तसेच सेवेत असताना लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्यांना, असा शेरा असूनही मानसोपचार मिळतात आणि त्यांत व्यसनाचेही उपचार येतात. जून २०२४ मध्ये अंमलात आलेल्या सुधारित नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. गैरवर्तन घडले त्या वेळी माणसाची मानसिक अवस्था कशी होती, लढाईतील कष्ट किती होते, त्यापूर्वीची सेवा किती व कशी झाली होती, हे सारे आता निर्णयात विचारात घ्यावे लागते. पूर्वी ज्यांचे अर्ज नाकारले गेले त्यांनी ते पुन्हा करावेत, असे आवाहन विभागाने त्या वेळी स्वतःहून केले.