नागापूरचा समुद्र कोणता?

प्रश्न : बी.एस्सी. करून दोन वर्षं झाली. नागापूर एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासतो. समुद्र वाचवण्याच्या कामात नवख्यांनाही घेतात म्हणे. पण मी समुद्र पाहिला तो अलिबागच्या सहलीत, एकदाच. माझा तिथे काय उपयोग?

उत्तर : आधी पत्ता दुरुस्त करू. अलिबागचा समुद्र तुमचा नव्हेच. नागापूरच्या पुलाखालची सीना निमगाव गांगर्ड्याच्या धरणात अडते, तिथून सुटली की सोलापूरकडे उतरते आणि हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. भीमा रायचूरजवळ कृष्णेत आणि कृष्णा हंसलदीवीला बंगालच्या उपसागरात. तुमचा किनारा तेलुगू बोलतो!

पूर ओसरल्यावर एकदा पुलाखाली उतरा. वेड्या बाभळीच्या काट्यांना कॅरीबॅगा आणि गुटख्याच्या पुड्या लोंबताना दिसतील. या अडकल्या तेवढ्या. बाकीच्या पुढे गेल्या. पाण्यात विरघळलेलं तर बाभळीलाही अडकत नाही. शेतातल्या खताचं नायट्रेट समुद्राच्या तोंडाशी पोचलं की शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात. हे नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही, तुमच्या परीक्षानळीत दिसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या सागरविज्ञान दशकात (२०२१ ते २०३०) दहा वर्षांपर्यंत अनुभव असलेल्यांचा वेगळा गट मानला आहे. त्यात तुम्ही सहज बसता. पण खरं सांगू? पुष्कळ ठिकाणी तरुणांना टी-शर्ट देतात, कचरा उचलायला लावतात, फोटो काढतात आणि त्यालाच सहभाग म्हणतात. नमुना कुठला घ्यायचा हे ठरवताना तुम्हाला विचारलं, तर तो सहभाग. आणि कुणी विचारेपर्यंत थांबायचंही कारण नाही. वर्सोव्याचे अफरोज शाह वकील. २०१५ साली शेजारच्या ८४ वर्षांच्या गृहस्थांना घेऊन त्यांनी किनारा साफ करायला सुरुवात केली. २०१८च्या मार्चमध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली.

तुम्ही पुलाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला एकेक जागा ठरवा. दर महिन्याला त्याच जागी नमुना घ्या, तारीख-वेळ वहीत लिहा. लॅब वापरायची तर साहेबांना आधी विचारा. वर्षभराच्या नोंदी झाल्या की राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला पत्र टाका. संस्था गोव्यात आहे, पण तुमच्या किनाऱ्याला जवळचं तिचं केंद्र विशाखापट्टणमला. पहिला नमुना मात्र मृगाच्या आधी घ्या. पहिल्या पुरात साचलेली घाण वाहून गेली की तुलनेला काही उरत नाही.