धूर बाहेर, पाणी आत

गॅसच्या कामाचं जी-थ्री लायसन्स मिळालं, फार बरं झालं. ब्रॅम्प्टनच्या थंडीत गॅसवाल्याला काम कमी पडत नाही. फर्नेस कारखान्यातून तपासून येते, पण पाइप तुझ्या हातचा असतो. म्हणून पाइपाबद्दल चार गोष्टी कानात घालून ठेवतो.

ढाळ फर्नेसकडे. नव्या फर्नेसा धुरातली उष्णता इतकी ओढून घेतात की वाफेचं पाणी होतं, आणि ते आम्लधर्मी असतं. थंड पाइपातही पाणी सुटतंच. ते परत फर्नेसमध्ये येऊन ट्रॅपमधून ड्रेनला गेलं पाहिजे. म्हणून आडव्या पाइपाला दर फुटाला निदान पाव इंच ढाळ, फर्नेसच्या दिशेनं. वीस फुटांना पाच इंच होतात. तेवढी जागा छताखाली आहे का, हे पाइप कापण्याआधी दोरी लावून बघ. हँगर फर्नेसच्या पुस्तकात दिलेल्या अंतरावरच मार. मध्ये पोट सुटलं की पाणी साचतं, गुडगुड ऐकू येते, प्रेशर स्विच गॅस तोडतो. आणि हे नेमकं उणे वीसच्या रात्री होतं.

पाइप धुरासाठीच्या एस-६३६ मानकाचाच. घरमालक म्हणेल, गराजमध्ये ड्रेनेजचा पाइप पडलाय, तोच लाव. हसून नाही म्हण. पाइप, फिटिंग, प्रायमर, सिमेंट सगळं एकाच कंपनीचं घे.

आधी कोरडं जोड. सगळी लाइन सिमेंटशिवाय उभी कर, खुणा कर, मग चिकटव. काप काटकोनात हवा. कडेची बर काढ, आतला भुगा झटक. प्रायमर, सिमेंट, पाव फेरा देऊन आत ढकल आणि अर्धा मिनिट धरून ठेव. लगेच सोडलंस तर पाइप मागे सरकतो.

एल्बो मोजून. प्रत्येक एल्बो काही फूट सरळ पाइपाएवढा अडथळा करतो. एकूण लांबीत तो धरायचा आणि तक्ता त्या फर्नेसच्याच पुस्तकातला बघायचा. दोन इंची बसत नसेल तर तीन इंची घे, पण तक्ता सांगेल तेव्हाच.

भोक आधी बाहेरून बघ. बाहेर जाऊन उभा राहा. बर्फ किती साचतं, वारा कुठून येतो, शेजाऱ्याची खिडकी कुठे आहे, ते पाहा. धूर सोडणारं एक्झॉस्ट आणि हवा घेणारं इनटेक, दोन्ही तोंडं एकाच भिंतीवर ठेव, म्हणजे वाऱ्याचा दाब दोन्हीकडे सारखा राहतो. एक्झॉस्टचं तोंड इनटेकपासून पुस्तकात सांगितलंय तेवढं लांब. नाहीतर फर्नेस स्वतःचाच धूर ओढते आणि इनटेकवर बर्फ धरतं. नेहमी साचणाऱ्या बर्फाच्या वर दोन्ही तोंडं निदान बारा इंच हवीत. उघडणारी खिडकी एक लाख बीटीयूपर्यंत बारा इंच, त्यावर तीन फूट दूर. गॅस रेग्युलेटरपासून तीन फूट. घरात हवा घेणाऱ्या एचआरव्हीच्या तोंडापासून सहा फूट. इनटेक ड्रायरच्या तोंडाजवळ नको. ब्लीचची वाफ आत गेली तर हीट एक्स्चेंजर गंजतो.

मागे राहिलेला गीझर विसरू नको. जुनी फर्नेस आणि पाणी तापवणारी टाकी एकाच चिमणीत धूर सोडत असतील, तर फर्नेस काढल्यावर टाकी त्या मोठ्या चिमणीवर एकटी पडते. तिचा थोडा धूर वर जाईपर्यंत गार होतो, ओल धरतो, कधी उलटा घरात शिरतो. चिमणीत लायनर घालायचं की टाकीची वेगळी सोय करायची, हे सिनियरला त्याच दिवशी विचार.

सिनियरनं बघितल्याशिवाय फर्नेस पेटवू नको. जी-थ्रीला एकट्यानं काम करायची मुभा नाही. निघताना घरमालकाला बाहेर ने, दोन्ही तोंडं दाखव. वादळानंतर बर्फ हातानं काढा, तोंडावर झाकण किंवा मनानं जाळी लावू नका, असं सांग. सीओ अलार्म वाजतोय का, तेही बघ. ऑन्टारियोत गॅसची फर्नेस असलेल्या घरात झोपायच्या खोल्यांजवळ तो कायद्यानं लागतो.

घाई असेल त्या दिवशी एखादं काम कमी घे, पण लेव्हल लावल्याशिवाय एकही पाइप टांगू नको.