गारगोटीचे पेंडंट : तांब्याच्या तारेचा एक पाठ



नदीकाठी किंवा शेताच्या बांधावर एखादी गुळगुळीत, दुधी रंगाची गारगोटी दिसली की आपण ती उचलतो, खिशात टाकतो आणि घरी आणून खिडकीत ठेवून देतो. तिचे पेंडंट करायचे म्हटले की लगेच प्रश्न येतो, "पण हिला भोक कसं पाडणार?" आज आपण भोक न पाडता, डिंक न लावता, फक्त तांब्याच्या तारेने दगड बांधायला शिकूया. आणि तार दगडाला धरून कशी ठेवते, हेही समजून घेऊया. ते समजलं नाही, तर पेंडंट दिसायला छान होईल, पण एक दिवस दगड वाटेत कुठेतरी गळून पडेल आणि गळ्यात नुसती तार राहील.

दगड कोणता घ्यावा?

महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून त्या पोकळ्यांत सिलिका साचली. त्यातूनच गारगोटी, अकीक हे दगड बनले. मोहस् मापनपट्टीवर त्यांची कठिणता 7 च्या आसपास असते. म्हणजे चाकूच्या पात्याने त्यांच्यावर ओरखडा उठत नाही. तारेचा दाब सोसायला असाच दगड हवा. त्याच पोकळ्यांत सापडणारे स्टिल्बाइटसारखे चमकदार स्फटिक फार सुंदर दिसतात, पण त्यांची कठिणता 4 किंवा त्याहूनही कमी असते आणि ते सहज फुटतात. ते तारेत आवळू नका.

पहिल्या प्रयत्नासाठी 3 से.मी. लांब, 2 से.मी. रुंद आणि सुमारे 1 से.मी. जाड, चपटा लंबगोल दगड निवडा. अगदी गोल गोटी नको, ती तारेतून सटकते.

तार दगडाला कशी धरते?

तांब्याची तन्यता जास्त असते, म्हणून त्याची बारीक तार निघते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. आता एक छोटा प्रयोग करा. तारेचा एक तुकडा एकाच जागी वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. दोन-तीन वेळा केल्यावर तीच जागा हाताला कडक लागते. आणखी वाकवत राहिलात तर तिथेच ती तुटते. वाकवल्याने तांब्याची आतली रचना बदलते आणि ते कठीण होत जाते. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर भांड्यावर हातोडीने मठारकाम करतात, तेव्हा नक्षी उठते आणि त्याचबरोबर पत्राही टणक होतो. तत्त्व तेच.

म्हणून आपल्या कामाचा नियम असा : आधी मोजा, मग एकदाच वाकवा. शेवटी दिलेले बाक कडक होऊन दगडाला धरून ठेवतात. पुन्हा पुन्हा सरळ केलेली तार आतून थकलेली असते, ती कधी दगा देईल सांगता येत नाही. बाक चुकला तर नवा तुकडा घ्या.

साहित्य

1. तांब्याची जाड तार, 0.8 मि.मी. : 25 से.मी.चे तीन तुकडे
2. तांब्याची बारीक तार, 0.4 मि.मी. : 50 से.मी.
3. टोकदार पक्कड, तार कापायचे कटर, बारीक कानस
4. दोरा, पट्टी, बॉलपेनची कांडी

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात अशी तार मिळते. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. पण 20 गेज म्हणजे एका पद्धतीत 0.81 मि.मी., तर दुसऱ्या पद्धतीत 0.91 मि.मी., म्हणून जाडी मि.मी.मध्येच सांगा. या तारेवर इनॅमलचा थर असतो. तो जाळून काढू नका, धूर अपायकारक असतो.

कृती

1. दगड धुऊन पूर्ण वाळवा. वरच्या टोकापासून कडेने खाली आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा वर असा दोरा फिरवून माप घ्या.
2. तीन जाड तारा एकमेकींना चिकटवून शेजारी-शेजारी ठेवा. बरोबर मध्यावर बारीक तारेचे पाच घट्ट वेढे द्या.
3. मध्यापासून दोन्हीकडे साधारण 2 से.मी. अंतरावर आणखी एकेक बांध घाला. आता तारांची पट्टी तयार झाली.
4. मधला बांध दगडाच्या तळाशी धरा आणि पट्टी कडेने वर वळवा. मधली तार दगडाच्या कडेवर बसली पाहिजे.
5. सहाही टोके वर एकत्र आणा आणि बारीक तारेचे सहा वेढे देऊन मान बांधा.
6. आता मुख्य काम. दोन बांधांच्या मधली पुढची तार पकडीने हळूच दगडाच्या दर्शनी बाजूवर ओढा. मागची तार तशीच मागच्या बाजूवर घ्या. दोन्ही अंगांना असे करा. दगड पुढून आणि मागून अडकतो तो इथेच.
7. मधल्या तारेची दोन टोके पेनच्या कांडीवरून मागे वळवून कडी करा, मानेभोवती दोन वेढे द्या आणि कापा.
8. मागची दोन टोके मानेभोवती गुंडाळा. पुढच्या दोन टोकांच्या छोट्या चकऱ्या करून दगडावर दाबून बसवा.

कापताना टोक जमिनीकडे धरा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. तुकडा उडतो. लहान मुलांनी हे मोठ्यांसोबतच करावे.

तपासणी

पेंडंट उलटे धरून जोरात हलवा. आवाज आला किंवा दगड डुगडुगला, तर पायरी 6 मधल्या तारा अजून थोड्या आत घ्या. मग गालावरून फिरवा. कुठे टोचले तर तिथे कानस मारा. ही दोन्ही काम झाल्याशिवाय ते कोणाच्या गळ्यात घालू नका.

थोडा हिशेब

तांब्याची घनता 8.96 ग्रॅम प्रति घन से.मी. आहे. 75 से.मी. जाड तारेचे वजन सुमारे 3.4 ग्रॅम आणि 50 से.मी. बारीक तारेचे सुमारे 0.6 ग्रॅम, एकूण 4 ग्रॅम. म्हणजे एक किलो तारेत 250 पेंडंट! दगड तर फुकटचा. मग शाळेच्या आनंदमेळाव्यात पेंडंट विकताना किंमत कशाची लावाल? तुमच्या वेळेची, आणि दगड पडणार नाही या खात्रीची. "काय, तारच तर आहे!" असे कोणी म्हणाले, तर त्याला पेंडंट उलटे करून हलवायला द्या.

स्वाध्याय

1. एकाच जागी किती वेळा वाकवल्यावर 0.8 मि.मी. तार तुटते? 0.4 मि.मी. तार? नोंद करा.
2. तुमच्या दगडाला किती लांबीची तार लागेल, ते दोऱ्याने मोजून आधी लिहा. काम झाल्यावर उरलेल्या तारेशी पडताळून पाहा.
3. पायरी 6 वगळून एक पेंडंट करा आणि हलवून बघा. काय झाले, ते कारणासह लिहा.