उशीवरून दिसणारा टीव्ही

बेडरूमसाठी टीव्ही घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती इंची? बजेट काय?" त्या खोलीत टीव्ही कोण पाहणार, कुठे पडून पाहणार, दिवसा की रात्री, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते बेडरूमच्या बाबतीत हेच खरे प्रश्न आहेत. बाकी सगळं त्यांच्या मागून ठरतं. नाशिकला माझ्या माहेरी जे घडलं, त्यामुळे मी हे इतक्या ठामपणे सांगते आहे.

अण्णा बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण पुढचे काही महिने बहुतेक वेळ पलंगावरच जाणार हे उघड होतं. सकाळचं कीर्तन, दुपारी क्रिकेट असेल तर क्रिकेट, संध्याकाळी बातम्या, असा त्यांचा दिवस टीव्हीभोवती बांधलेला. पुण्याहून दादाने ऑनलाइन सेलमधून पन्नास इंची टीव्ही पाठवला. बसवायला माणूस आला आणि पूर्वी जिथे डबल बेड होता, त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर बसवून गेला. पण अण्णांचा पलंग आम्ही बाथरूमच्या दाराशी हलवला होता, म्हणजे वॉकर घेऊन चार पावलांत पोहोचता येईल. तिथून टीव्ही चांगलाच तिरपा पडत होता.

दुसऱ्याच दिवशी अण्णा म्हणाले, "चित्र धुतल्यासारखं दिसतंय." आईला वाटलं, मोतीबिंदू. मी त्यांच्या शेजारी पडून पाहिलं तर खरोखरच बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा पांढुरका आणि काळा कोट राखाडी दिसत होता. उठून समोर गेले, तर तेच चित्र झकास. दोष डोळ्यांचा नव्हता, पॅनेलचा होता.

हे नीट समजून घ्या, कारण जाहिरातीत याबद्दल फारसं सांगत नाहीत. एलईडी म्हणून विकले जाणारे टीव्ही मुळात एलसीडीच असतात, एलईडी फक्त त्यांच्या मागच्या उजेडासाठी. या एलसीडीचे ठळक प्रकार दोन. व्हीए पॅनेलवर काळा रंग गडद येतो, काँट्रास्ट तीन हजारास एक किंवा त्याहूनही जास्त असतो, पण बाजूला सरकलं की रंग उडायला लागतात. आयपीएस पॅनेलचा काँट्रास्ट साधारण हजारास एक, म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग करडा वाटतो, पण बाजूने पाहिलं तरी चेहरे चेहऱ्यासारखे राहतात. म्हणजे पलंग टीव्हीच्या थेट समोर असेल आणि रात्री दिवे मालवून सिनेमे पाहायचे असतील, तर व्हीए उत्तम. पलंग तिरपा असेल, किंवा एकजण समोरून आणि दुसरा कोपऱ्यातल्या खुर्चीतून पाहणार असेल, तर आयपीएस. ओएलईडीमध्ये दोन्ही गुण येतात, पण तो बेचाळीस इंचांच्या आत सहसा मिळत नाही, महाग असतो, आणि दिवसभर बातम्यांचं एकच चॅनल चालू राहिलं तर खालच्या पट्टीचा आणि लोगोचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याची भीती असते. दिवसभर बातम्या लावणाऱ्या घरातल्या वृद्धांसाठी मी तो घेणार नाही.

खोक्यावर पॅनेलचा प्रकार बहुतेक वेळा लिहिलेला नसतो. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या मापांत किंवा लॉटमध्ये वेगवेगळी पॅनेलं असू शकतात. म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं हाच भरवशाचा मार्ग. दुकानात टीव्हीसमोर उभे राहा, मग तुमच्या पलंगावरून जितका तिरपा पडेल तितके बाजूला सरका आणि माणसाच्या चेहऱ्याकडे पाहा, निसर्गदृश्यांकडे नको. त्याआधी दुकानदाराला स्टोअर मोड बंद करून घरातला मोड लावायला सांगा. झगमगाटात विकण्यासाठी केलेल्या त्या सेटिंगमध्ये कुठलाही पडदा चांगलाच दिसतो.

आता आमच्याकडे पुढे काय झालं ते. तक्रार केल्यावर तोच माणूस पुन्हा आला आणि त्याने उपाय सुचवला: भिंतीपासून पुढे ओढून हवा तसा वळवता येणारा, हाताचा ब्रॅकेट. आईकडून रोख पैसे घेतले, ब्रॅकेट लावला, टीव्ही अण्णांकडे वळवून दिला. चित्र लख्ख झालं, सगळे खूश. श्रावणातल्या एका पहाटे तो टीव्ही ब्रॅकेटसकट भिंतीतून उपसून खाली आला. औषधांचं स्टूल मोडलं, काचा पलंगाखाली गेल्या. अण्णांच्या पायांपासून ते अंतर दीड हात असेल. त्यांना काही लागलं नाही, पण त्या आवाजाने ते असे हादरले की नंतर कितीतरी रात्री त्यांनी खोलीतला दिवा घालवू दिला नाही.

ती भिंत सिपोरेक्सची होती, चार इंची, पलीकडे स्वयंपाकघर. गेल्या पंधरा-वीस वर्षांत बांधलेल्या अनेक इमारतींत आतल्या भिंती अशाच असतात. वजनाला हलके, सच्छिद्र ठोकळे. वर प्लास्टर आणि पुट्टी, त्यामुळे बाहेरून विटेची भिंत आणि ही भिंत सारखीच दिसते. हॅमर ड्रिल लावलं की आतलं भोक भुसभुशीत होऊन मोठं होतं, आणि ब्रॅकेटबरोबर खोक्यात येणारी साधी प्लॅस्टिकची गिट्टी त्यात घट्ट बसतच नाही. बसवताना घट्ट लागते, कारण प्लास्टर तिला धरून असतं. हळूहळू ती सैल होत जाते.

त्यात हाताच्या ब्रॅकेटने भर घातली. टीव्हीचं वजन बारा किलो धरा. भिंतीला चिकटून बसवला तर त्याचा भार भिंतीपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतो. हात पुढे ओढला की तोच भार चाळीस सेंटिमीटरवर जातो. वजन तेवढंच, पण वरच्या बोल्टांना बाहेर खेचणारी ओढ आठपट होते. बोल्टांच्या वरच्या आणि खालच्या ओळीत वीस सेंटिमीटर अंतर असेल, तर तीन किलोची ओढ चोवीस किलोची होते. शिवाय दर वेळी टीव्ही वळवला की तो हिसका वेगळाच. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत योग्य बोल्ट असतील तर हे सहज पेलतं. चार इंची सिपोरेक्समध्ये साध्या गिट्टीवर नाही पेलत.

तेव्हा भिंत आधी ओळखा. बोटाने ठोकून अंदाज येतो, पण खात्री होते ती ड्रिलच्या भुशावरून: विटेचा भुसा लाल, काँक्रीटचा करडा आणि ड्रिल आत जायला कष्ट, सिपोरेक्सचा पांढरट आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत. सिपोरेक्स असेल तर हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं, त्या ठोकळ्यांसाठीच बनवलेले लांब नायलॉन अँकर किंवा केमिकल अँकर वापरायचे. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला पट्टी देऊन आरपार बोल्ट घेता आला तर सर्वांत निर्धास्त. हाताचा ब्रॅकेट अशा भिंतीवर शक्यतो नकोच. जिप्समच्या पार्टिशनवर तर मुळीच नको. आणि पावसाळ्यात जिथे ओल येते त्या बाहेरच्या भिंतीवर, भिंत कितीही पक्की असली तरी, टीव्ही टांगू नका. ओलीने गिट्टीभोवतालचं प्लास्टर सुटतं आणि दमट हवा टीव्हीच्या आत शिरते ती वेगळीच.

दुसरा टीव्ही आम्ही खोलीकडे पाहून घेतला. अण्णा नेहमी जसे पडतात तसे पडले, डोकं दोन उशांवर. "मान न हलवता सहज जिथे नजर जाते तिथे बघत राहा," असं त्यांना सांगितलं आणि भाचीने त्या जागी भिंतीवर कागद चिकटवला. तो कागद म्हणजे पडद्याचा मध्य. बैठकीच्या खोलीत पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा हे बरोबर, पण रेलून पडलेल्या माणसाची नजर थोडी वर जाते, म्हणून बेडरूममध्ये मध्य जरा उंच चालतो. आमच्याकडे तो जमिनीपासून साधारण सव्वाचार फुटांवर आला. दाराच्या चौकटीच्या वर, छताला टेकवून बसवलेले टीव्ही मी अनेक घरांत पाहते. तिथे मान मागे ताणावी लागते, आणि मानेचं दुखणं असलेल्या माणसाला तर ती शिक्षाच.

माप वर्तमानपत्रं जोडून ठरवलं. त्रेचाळीस इंची पडदा सुमारे ९५ बाय ५४ सेंटिमीटर, बत्तीस इंची ७१ बाय ४०. तेवढा कागद कापून भिंतीला लावला की खोली तुमच्याशी बोलते. आपल्याकडच्या दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये उशीपासून समोरची भिंत सात-आठ फुटांवर असते. तेवढ्या अंतरावर बत्तीस इंची एचडी रेडीचे ठिपकेसुद्धा साधारण नजरेला वेगळे दिसत नाहीत, ते सहा फुटांच्या आत गेल्यावर जाणवायला लागतात. त्यामुळे या खोलीत फोर-केसाठी वेगळे पैसे मोजू नका. त्रेचाळीस इंचीत तो आपसूकच मिळाला तर ठीक. उलट, कीर्तनाची आणि जुन्या गाण्यांची कितीतरी चॅनल अजून एसडीमध्ये येतात आणि ती मोठ्या पडद्यावर जास्त फुटकी दिसतात. आम्ही त्रेचाळीस घेतला तो केवळ अण्णांना स्कोअर आणि खालच्या पट्ट्या वाचता याव्यात म्हणून. एरवी बत्तीसवर समाधान मानलं असतं. पूर्वी बत्तीस इंचांपर्यंत १८ टक्के आणि त्यावर २८ टक्के जीएसटी होता, म्हणून बरेच लोक बत्तीसवर थांबत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्याच टीव्हींना १८ टक्के लागतो, तेव्हा करासाठी लहान घेण्याचं कारण राहिलेलं नाही.

खिडकीचाही विचार करा. पडद्याच्या समोर खिडकी असेल तर दुपारी त्यात फक्त खिडकीच दिसते. रात्रीसाठी बॅकलाइट बराच खाली आणून सिनेमा किंवा वॉर्म मोड लावून ठेवा, आणि स्लीप टायमर लावायची सवय करा. अण्णा टीव्ही पाहता पाहता झोपतात आणि मध्यरात्री जाहिरातीच्या आवाजाने दचकून उठतात, असं आधी रोज व्हायचं.

आवाजाचा प्रश्न चित्राहून मोठा निघाला. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की शेजारी झोपलेल्या आईची झोप गेलीच. उशीजवळ छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेवल्यावर अण्णांना हळू आवाजातही शब्द कळायला लागले. मात्र घेण्याआधी विचारून घ्या, कारण काही स्वस्त टीव्हींत ब्लूटूथ फक्त रिमोटपुरतं असतं, त्यावर आवाज पाठवता येत नाही. हेडफोनची पिनही आता बऱ्याच टीव्हींना नसते. दुकानातच जोडून पाहा आणि ओठ व शब्द जुळतात का तेही पाहा.

रिमोट हातात घेऊन पाहा, आणि ज्यांना तो वापरायचा आहे त्यांच्याच हातात देऊन पाहा. स्मार्ट टीव्हीच्या नव्या रिमोटवर आकडे नसतात. अण्णांना चॅनल नंबराने पाठ आहेत. डीटीएचच्या अनेक रिमोटना टीव्हीचं चालू-बंद आणि आवाजाचं बटण शिकवता येतं, तेवढं करून दिलं की दुसरा रिमोट कपाटात ठेवता येतो. दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीला वेगळा सेट-टॉप बॉक्स आणि त्याचं महिन्याचं वेगळं भाडं लागतं, तेही हिशेबात धरा. अॅप्स कुठली आहेत यावर फार वेळ घालवू नका. टीव्ही संथ झाला तर पुढे स्वस्तातली स्टिक लावता येते.

पडलेल्या टीव्हीचे पैसे मिळाले नाहीत. विक्रेता म्हणाला, बसवणं कंपनीकडे. कंपनी म्हणाली, पडून फुटलेला पडदा वॉरंटीत येत नाही आणि तो ब्रॅकेट आमचा नाही. आणि ब्रॅकेटवाल्याने पावती दिलीच नव्हती, त्यामुळे तो त्यानेच लावला हे दाखवायला आमच्याकडे कागद नव्हता. सदोष सेवेबद्दल दाद मागण्याचा हक्क ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ देतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात तक्रार करायला शुल्क लागत नाही. पण ही सगळी दारं उघडायला पावती हातात हवी.

म्हणून एवढं करा. टीव्हीची आणि बसवण्याची, दोन्ही बिलं मागा, ब्रॅकेट वेगळा घेतला तर त्याचंही. खोकं उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा. बसवायला आलेल्या माणसाने ड्रिल काढण्याआधी भिंत कशाची आहे हे विचारलं नाही, तर तुम्ही त्याला विचारा. कुठला अँकर घालणार याचं त्याला नीट उत्तर देता आलं नाही, तर त्या दिवशी टीव्ही टेबलावर ठेवून घ्या आणि भिंतीचं काम जाणणाऱ्या माणसाला बोलवा. विशेषतः त्या भिंतीसमोर कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर घाई करू नका.