ग्राफिक्स कार्ड आणण्याआधी काकाचं ऐक

बाळा, पुण्याजवळ मुळशीतल्या नांदे गावातल्या नव्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर जुळवतोयस, आणि पगारातला मोठा तुकडा ग्राफिक्स कार्डावर जाणार म्हणे. जाऊ दे. कार्ड खोचायला पाच मिनिटं लागतात, खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

१. आधी सिस्टीम ठरव, मग कार्ड – कार्ड चालवणारा ड्रायव्हर कोण आणून देणार ते सिस्टीम ठरवते, आणि तुझ्या रविवारचं काय होणार तेही.

२. मॅकवाल्या ताईला भेट म्हणून कार्ड देऊ नकोस – एम मालिकेच्या मॅकवर बाहेरच्या ग्राफिक्स कार्डाला ॲपलचा आधारच नाही. तिला साडी दे.

३. विंडोज असेल तर इंटरनेट जोड आणि थोडा वेळ गप्प बस – विंडोज अपडेट स्वतःच ड्रायव्हर शोधत असतं. त्याच वेळी तूही दुसरा बसवू लागलास तर दोघांची झटापट होते. खेळांसाठी ताजा हवा असेल तर नंतर कार्डाच्या कंपनीचा घे. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाच्या फुकट्या सॉफ्टवेअरला मात्र उंबऱ्याबाहेर ठेव.

४. लिनक्सवर नुसते खेळ आणि व्हिडिओ एवढंच असेल तर एएमडी घे – त्याचा ड्रायव्हर २०१५ पासून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. घरचा ड्रायव्हर असता, कशाला धुंडाळायचा रस्ता? फक्त मॉडेल अगदी ताजं असेल तर कर्नलही ताजा हवा.

५. एआय शिकायचं असेल तर मुकाट्यानं एनव्हिडिया – बहुतेक साधनं आधी त्यांच्या ‘कूडा’वर चालतात, आपल्या सी-डॅकचा २०२० सालचा ‘परम सिद्धी-एआय’ महासंगणकसुद्धा त्यांच्याच ए१०० कार्डांवर उभा आहे. कंपनीचं ऑफिस पुण्यात आहे म्हणून ड्रायव्हर लाडानं बसेल, असं मात्र समजू नकोस.

६. लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवू नकोस. उबुंटूत ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’, फेडोरात ‘आरपीएम फ्यूजन’ – कर्नल बदलला की तिथलं पॅकेज ड्रायव्हरही नव्यानं जुळवून देतं. साइटवरची फाइल अनेकदा जुन्या कर्नलपाशीच थांबते, आणि हे तुला सोमवारी सकाळी हिंजवडीच्या मीटिंगआधी कळतं.

७. लिनक्सवर ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर बसवताना मागितलेला पासवर्ड कागदावर लिही, आणि रीस्टार्टनंतरच्या निळ्या पडद्यावर ‘एन्रोल एमओके’ निवड – घाईत ‘कंटिन्यू’ दाबलंस तर सही ओळखीची नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. निळ्याला जो घाबरला, तो काळ्यापुढे बसला.

८. पडदा काळा झालाच तर लगेच फॉरमॅट नको. लिनक्स सुरू होताना येणाऱ्या ‘ग्रब’ यादीतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल उघड – बहुतेकदा यंत्र ठणठणीत असतं, नव्या कर्नलचं आणि ड्रायव्हरचं जमलेलं नसतं एवढंच. तेही नाही चाललं तर बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ जोड, निदान लिहायला-वाचायला पडदा मिळेल.

९. जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळू नकोस – जीटीएक्स १०५०, १०६० च्या पिढीला एनव्हिडियाची ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. उलट अगदी नव्या आरटीएक्स ५० मालिकेला लिनक्सवर २०२२ पासून खुले केलेले ‘ओपन’ मॉड्यूलच लागतात. ड्रायव्हरच्या यादीतून नाव निवडताना डोळे उघडे ठेव.

१०. मॉनिटरची वायर कार्डाला लाव, मदरबोर्डाला नव्हे – हसू नकोस, मोठमोठे इंजिनिअर इथे अडकलेत. आधी वायर बघावी, मग कंपनीला शिवी द्यावी.

११. एसएमपीएस पुरेशा वॅटचा घे आणि कार्डाची पिन ‘कट्’ आवाज होईतो आत दाब – अर्धवट बसलेली पिन तापते.

१२. मुळशीचा पाऊस सुरू झाला की बायोस अपडेटला यूपीएसशिवाय हात लावू नकोस – वीज मध्येच गेली तर मदरबोर्डच बसतो. आजूबाजूला इमारती उठतायत तोवर पंख्यांवरची धूळही मऊ ब्रशनं काढत जा, पंखा बोटानं धरून.

१३. फोन करशील तेव्हा नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नकोस. कार्डाचं मॉडेल, कर्नल आणि ड्रायव्हरचा नंबर सांग, पडद्याचा फोटो पाठव – आणि दुपारी दोन ते चार सोडून, तेव्हा मी झोपलेला असतो.