भिंगांची निगा

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ उद्भवली. त्याच वर्षी डॉ. वाल्डेमार हाफकिन तेथे आले आणि जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी प्रतिबंधक लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये नेण्यात आली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. प्लेगचा जंतू मिलिमीटरच्या एक-दोन सहस्रांश भागाएवढाच लांब असतो. तो स्पष्ट दिसावयाचा, तर सूक्ष्मदर्शकाचे भिंग निर्मळच हवे. शाळेतील सूक्ष्मदर्शक किंवा दुर्बीण यांनाही हाच नियम लागू आहे.

परळ, दादर, गिरगाव या भागांत पावसाळ्यात हवा अतिशय दमट असते. कोकणातील गावांतही तीच स्थिती. अशा हवेत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. तिच्यातून स्रवणारी आम्ले काचेवर कायमचे डाग पाडतात. मोडू नये म्हणून महिनोन्महिने कपाटात कुलूपबंद ठेवलेले यंत्र कोंदट अंधारात अशा रीतीने खराब होते. वापर नसणे म्हणजे जतन नव्हे.

दुसरा धोका पुसण्याचा. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते काचेहून कठीण असतात. धोतराच्या सोग्याने वा पदराने भिंग पुसल्यास हेच कण काचेवर ओरखडे काढतात. यासाठी पुढील क्रम पाळावा:

१. प्रथम रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी. तोंडाने फुंकू नये. थुंकीचे शिंतोडे उडतात.
२. उरलेली धूळ स्वच्छ, मऊ कुंचल्याने हलकेच झाडावी.
३. डाग राहिल्यासच भिंग पुसण्याच्या कागदावर भिंगासाठीच्या द्रावणाचा एक थेंब घ्यावा आणि मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने फिरवावा. द्रावण थेट भिंगावर ओतू नये.
४. तेलात बुडवून वापरावयाच्या भिंगावरील तेल काम संपताच टिपून घ्यावे.
५. आतील भिंगे काढू नयेत. आत बुरशी दिसल्यास यंत्र जाणत्या कारागिराकडे द्यावे.

यंत्र फळ्यापासून दूर ठेवावे, म्हणजे खडूची भुकटी त्यावर बसणार नाही. ते झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे आणि दाण्यांचा रंग पालटताच पुडी बदलावी. कोरड्या दिवशी डबा उघडून यंत्रास हवा द्यावी. दुर्बीण किंवा सूक्ष्मदर्शकाचा आरसा सूर्याकडे कधीही रोखू नये. डोळ्यास कायमची इजा होते.

आठवड्यातून एकदा दोन विद्यार्थ्यांकडून शिक्षकांच्या देखरेखीखाली पहिल्या दोन पायऱ्या करून घ्याव्यात. अशाने यंत्र टिकेल, आणि कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पुस्तकातील चित्रात पाहून न थांबता मुले ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील.