आवाज करणारा फिल्टर आणि बाहेरचा पंप

रात्री गंगापूर रोडची वर्दळ थांबली की आमच्या कॉमन रूममधल्या फिशटँकचा फिल्टर गुरगुरायला लागतो. मग कुणीतरी वैतागून स्विच बंद करतो. त्याला झोप लागते, पण स्पंजावर राहून माशांचा अमोनिया संपवणाऱ्या बॅक्टेरियांना वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन मिळत नाही. रोज असं झालं तर अमोनिया साठतो आणि मासे जातात. म्हणजे आवाज बंद व्हायला हवा, फिल्टर नाही.

कॅनिस्टर फिल्टरची मोटर झाकणातच असते. आत फिरणारं चुंबक, त्याला इम्पेलर आणि मधे बारीक शाफ्ट. शाफ्ट झिजला की खडखड, हवा अडकली की घरघर. आधी डबा हलकेच कलता करून हवा काढा, इम्पेलर ब्रशने साफ करा. तेवढ्याने आवाज गेला तर पुढचं वाचू नका, पैसे वाचले! नाही गेला, तर जुन्या मोटरची वायर काढा, इम्पेलर बाहेर काढा आणि डबा नुसता गाळणी म्हणून ठेवा. पाणी फिरवायला बाहेर छोटा इनलाइन पंप.

तो कुठे लावायचा, इथेच खरी गंमत आहे. डब्याच्या आधी लावला तर डब्यात प्रेशर वाढतं आणि झाकणाची ओ-रिंग गळते. म्हणून डब्यानंतर, परतीच्या पाइपवर. डबा आणि पंप दोन्ही टाकीच्या खाली असले की पंप कायम भरलेला राहतो. फ्लो कमी करायचा तर व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे. सक्शन आवळलं की कॅव्हिटेशन, म्हणजे पुन्हा आवाज.

पंपाला पाणी मीटरभर चढवावं लागतं असं वाटतं ना? परतीचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर उतरणारं पाणी चढणाऱ्याला तोलतं. उरतं ते फक्त घर्षण. फ्लो तोच ठेवून नळी 12 ऐवजी 16 मिमीची घेतली तर नळीतलं घर्षण साधारण चौथाई होतं, कारण ते व्यासाच्या पाचव्या घातावर ठरतं. (फ्लुइड मेकॅनिक्स फक्त व्हायवापुरतं नसतं!)

2×1×1 फुटांची टाकी म्हणजे सुमारे 56 लिटर. तासाला पाच फेऱ्या धरल्या तर 280 लिटर. पंपावरचा आकडा शून्य हेडचा असतो, म्हणून 500–600 चा घ्या. टुल्लू पंप नको, आणि पितळी भागांचाही नको, तांबं माशांना विषारी. पंप जाड स्पंजावर ठेवा, टेबलाला टेकवू नका. वायरला प्लगच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत पोचत नाही. आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात धुवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं.